लांबचा धक्का

"आला का ओ, बाई?"

हणमव्वा वेधशाळेच्या पायरीवर बसली होती आणि प्रश्न रोजचाच होता. मी जीपमधून उतरत होते. कोपरापर्यंत काजळी, केसांत काजळी, नाकात काजळी, आणि बगलेत कागदांची गुंडाळी.

"नाही आला," मी म्हणाले.

"बरं." तिनं पदर डोक्यावर ओढला आणि पुन्हा गुडघ्यांना मिठी घालून बसली. पोस्टमनला विचारावं, पत्र नाही म्हटल्यावर उद्याची वाट धरावी, तसं तिचं चाललं होतं. फरक इतकाच की ती भूकंपाची वाट बघत होती. आणि मीही.

सह्याद्रीतल्या एका खोऱ्यात भूकंपमापन वेधशाळेत मी सहायक होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी आमच्या खोऱ्यातली जमीन सारखी कुरकुरत होती. बारीक बारीक धक्के, दिवसा, रात्री, जेवताना. माणसं अंगणात झोपायची आणि सकाळी झोप न झालेल्या तोंडानं एकमेकांशी भांडायची. आमचीही तीच गत. खोऱ्यात चार ठिकाणी आमची यंत्रं होती. प्रत्येक ठिकाणी जमिनीत खड्डा, खड्ड्यात तळच्या खडकावर बसवलेलं यंत्राचं डोकं, आणि तिथून केबलनं खोलीतल्या ढोलापर्यंत जोडणी. ढोलावर कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर फिरवून काळाकुट्ट करायचा. मग ढोल दिवसभर सावकाश फिरत राहतो आणि बारीक सुई काजळी खरवडत पांढरी रेघ ओढत जाते. जमीन हलली की रेघ हलते. दुसऱ्या दिवशी तो कागद उतरवून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा, म्हणजे काजळी पक्की बसते. तोवर त्यावर नुसतं बोट पडलं तरी अख्खा भूकंप पुसला जातो. चार ठिकाणचे चार कागद रोज गोळा करायचे, रोज वाचायचे. मला तर भाकरीवरच्या डागांतही धक्के दिसायला लागले होते.

हणमव्वाचा नवरा मलप्पा धोत्रे धनगरवाडीजवळच्या दगडखाणीत सुरुंग उडवायचा. जात्याच दगडकामातली माणसं, मुलखामुलखांतून खाणींमागे हिंडलेली. धक्के सुरू झाल्यावर सरकारनं सुरुंग बंद केले होते. खाणीत नुसती फोडलेल्या दगडाची खडी करायचं काम चालू होतं. एका दुपारी खोऱ्याला जोराचा हिसका बसला. धनगरवाडीत गोठ्याची भिंत पडली आणि खाली ज्ञानू शेलार सापडला. म्हशीला वैरण घालत होता. म्हैस वाचली, ज्ञानू गेला.

गावातल्या चौघांनी पोलिसांना एकच गोष्ट सांगितली. मलप्पा खाणीच्या कडेवर उभा राहून लाल निशाण हलवत "पळा, पळा" म्हणून ओरडला, आणि त्याच्यानंतर जमीन हादरली. आधी निशाण, मग हादरा. सुरुंगाची हीच तर रीत. बंदी मोडून त्यानं चोरून मोठा बार उडवला आणि ज्ञानूचा जीव घेतला, असं गाव म्हणत होतं. खाणमालक म्हणाला, मी तर तालुक्याला होतो, त्यानं काय केलं मला काय माहीत. मालक असा हात झटकून मोकळा झाला आणि मलप्पा कोठडीत गेला.

मलप्पाचं म्हणणं वेगळं होतं. पायाखाली आधी बारीक थरथर झाली, खोल कुठंतरी गुरगुरल्यासारखी. वरच्या कड्यातून माती गळायला लागली. कड्याखाली बायका खडी फोडत होत्या. लाल निशाण हाताशीच रोवलेलं होतं. ते पाहिल्याशिवाय खाणीतलं कुणी जागचं हलत नाही, म्हणून त्यानं तेच उपसलं आणि हलवलं. बायका पळाल्या, आणि मग खरा हिसका आला.

मला ते ऐकताक्षणी खरं वाटलं होतं. भूकंपाची लाट एक नसते, दोन निघतात. पहिली ढकलाढकलीची. रेशनच्या रांगेत मागच्यानं ढकललं की पुढचा त्याच्या पुढच्यावर आदळतो, तशी ती खडकातून पुढे जाते. ती वेगाची, पण अंगानं हलकी. दुसरी आडव्या हिसक्याची, दोरी झटकावी तशी. ती मागून येते आणि भिंती पाडते ती हीच. दोघींच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत मलप्पानं निशाण उचललं असणार. पण फौजदाराला हे सांगून काय उपयोग? त्याला कागद हवा होता.

फौजदार आला त्या दिवशी आमचे साहेब, खानविलकर, दोन रात्री झोपलेले नव्हते. निवृत्तीला आलेले, चष्म्याआड डोळे लाल. चारही कागद त्यांनी टेबलावर पसरले आणि भिंग घेऊन बसले.

"हे बघा," ते फौजदाराला म्हणाले, "सुरुंग उडाला की तो चारी बाजूंना ढकलतो. म्हणून सगळीकडे रेघेचा पहिला फटका वर जातो. भूकंपात खडक सरकतो. एका अंगाला ढकलतो, दुसऱ्या अंगाला ओढतो. मग काही ठिकाणी रेघ आधी वर जाते, काही ठिकाणी आधी खाली."

"आणि हितं?"

खानविलकर बराच वेळ वाकून बघत राहिले. "चारही वर," ते म्हणाले. "सुरुंगासारखं दिसतंय खरं."

"सुरुंगच म्हना की, साहेब."

"दिसतंय तसं," खानविलकर पुन्हा म्हणाले. फौजदारानं मधलं सगळं सोडून तेवढंच उचललं आणि गेला. आमच्या चारपैकी एक यंत्र खाणीजवळ, धनगरवाडीतच होतं. तहसीलदारांनी तिथल्या खड्ड्याच्या झाकणाला सील ठोकलं, पुराव्याला कुणी हात लावू नये म्हणून. कागद मात्र रोज बदलायची मुभा होती.

त्यानंतर आठवडाभर मी रोजचे कागद वाचत होते आणि मला चैन पडत नव्हतं. शेवटी एक दिवस मी खानविलकरांच्या टेबलावर कागदांचा ढीग नेऊन ठेवला.

"सर, हे कालचे बारीक धक्के. भिंगातून बघा. पहिला फटका चारही ठिकाणी वर आहे."

"मग?"

"परवाचेही वर. त्याआधीचेही. त्या दिवसापासून खाण बंद आहे, मलप्पा कोठडीत आहे. मग रोजचे हे सुरुंग कोण उडवतंय?"

खानविलकरांनी चष्मा काढला. "तांबटबाई, तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"धनगरवाडीच्या जुन्या कागदांत रेघ नेहमी खाली जायची. ज्ञानू गेला त्याच्या जरा आधी उंदरांनी केबल कुरतडली म्हणून आपण नवी टाकली. तेव्हापासून वर जाते. खड्ड्यात यंत्राच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या असतील, तर तिथलं वर म्हणजे खरं खाली. तीन वर, एक खाली. म्हणजे भूकंप."

"ती केबल मी जोडली होती," खानविलकर म्हणाले.

मला ते ठाऊक होतं.

"तीस वर्षं वायरी जोडतोय मी," त्यांचा आवाज चढला. "तांबडी कुठे, काळी कुठे, हे मला तुम्ही शिकवणार?" मग ते उठले, खिडकीशी गेले. खाली पायरीवर हणमव्वा बसली होती. नवऱ्याचा निकाल या घरात लागणार हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि गावानं काम तोडल्यावर तिला बसायला दुसरी जागा नव्हती. रोज सकाळी येऊन बसायची, काही मागायची नाही, ओरडायची नाही. खानविलकर तिच्याकडे बघत उभे राहिले आणि वळले तेव्हा त्यांचा राग उतरला होता. नुसता थकवा उरला होता.

"त्या दिवशी मी फार दमलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तसं झालेलं असू शकतं."

"मग कोर्टाला सांगून सील उघडूया."

"उघडलं आणि वायरी उलट्या निघाल्या, तर गाव म्हणेल, यांनीच उघडताना उलटवल्या. त्या माणसाला सोडवायला म्हणून. आणि या बारीक धक्क्यांचे फटके भिंगातूनही भांडून बघावे लागतात. यावर मी कोर्टात सही करणार नाही."

"खड्ड्याजवळ पाय आपटून बघते. रेघ कुठे जाते ते—"

"बघा आपटून."

मी आपटला. दहा वेळा आपटला. रेघ कधी वर गेली, कधी खाली. पाय मात्र मुरगळला.

तोडगा शेवटी खानविलकरांनीच काढला. "दूरचा येऊ दे," ते म्हणाले. "मोठा. समुद्रापलीकडचा. इतक्या लांबून जी लाट येते ती पृथ्वीच्या पोटातून, जवळजवळ सरळ खालून वर येते. आपलं खोरं तिला केवढं? चारही यंत्रांना ती एकसारखीच धडकणार. तीन ठिकाणी रेघ खाली आणि धनगरवाडीला वर, किंवा याच्या उलट, असं झालं की संपलं. सीलबंद खड्डा, कुणी हात लावलेला नाही. जग साक्षीला."

मला उडी मारावीशी वाटली. मी लगेच खाली जाऊन हणमव्वाला सांगितलं. तिला लाटाबिटा सांगण्यात अर्थ नव्हता, पण ती फार लक्ष देऊन ऐकत होती म्हणून मी सगळं सांगितलं.

"म्हंजी लांबनं एक भूकंप याया पायजे," ती म्हणाली.

"हो. मोठा हवा. बारका असला तर इथवर पोचत नाही."

"आन् त्यो आला की ह्ये सुटत्याल?"

"कोर्टानं मानलं तर सुटतील."

"कवा येतुया?"

"ते नाही सांगता येत. पण येतात. दर थोड्या दिवसांनी जगात कुठे ना कुठे येतोच."

"मंग येऊ दे," ती म्हणाली. "म्या बसते."

आणि आम्ही बसलो. ती पायरीवर, मी टेबलाशी. रोज सकाळी जीपनं चारही ठिकाणी जायचं, कागद उतरवायचे, नवे काळे करायचे, परत यायचं. हणमव्वाचं "आला का", माझं "नाही". तारीख जवळ येत होती. आरोप ठेवायचा की सोडायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. आरोप ठेवला तर खटला वर्षानुवर्षं चालला असता आणि तोवर मलप्पाला जामीन राहायलाही कुणी नव्हतं. माझ्या मनानं तारीख घट्ट धरली होती. मी कागदाकडे असा राग धरून बघायची की जणू जमीन मुद्दाम अडून बसली आहे. आमचे घरचे धक्के भरपूर यायचे, पण ते कामाचे नव्हते. एकदा दूरचा एक आला. रेघ किंचित शहारली, एवढंच. मी भिंग डोळ्याला लावून खानविलकरांना म्हणाले, "सर, तिन्ही ठिकाणी खाली आहे. मला वाटतं खाली आहे."

"वाटतं यावर माणूस सुटत नाही," ते म्हणाले. "बारका आहे हो. आणखी मोठा हवा."

"आणखी मोठा कधी येणार?" मी चिडून म्हणाले. खानविलकरांनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं.

त्या दिवसांत हणमव्वा मला कधी कधी काही सांगायची. मलप्पाला तिनं लग्नाआधी बघितलं ते छिन्नीला धार लावताना. त्याला कमी ऐकू यायचं, कान सुरुंगांनी बधिर झालेले. "पर पायाला कळतंय त्येच्या," ती म्हणायची. "कुनी मागनं आलं तर वळून बगत्यात." पोरं नव्हती. दोन झाली होती, राहिली नाहीत. कोठडीत भेटायला गेली की तो एकच विचारायचा, बायका समद्या वाचल्या न्हवं? वाचल्या, ती सांगायची. मग ज्ञानूची बायको कशी हाय, असं विचारायचा. तिच्या दारात हणमव्वाला कुणी उभं करत नव्हतं, तरी ती बरी हाय म्हणून सांगायची.

एके सकाळी पहिल्याच ठिकाणी मी ढोलावरचा कागद बघितला. रेघ अशी उसळली होती की शेजारच्या रेघांत घुसली होती, आणि रात्री खोऱ्यात तर काही जाणवलंही नव्हतं, म्हणजे लांबचाच. सुरुवात मात्र सुईनं टोचावं तशी स्वच्छ. पहिला फटका खाली. मी जीपवाल्याला इतक्या जोरात हाक मारली की तो साप निघाला समजून काठी घेऊन धावत आला. दुसऱ्या ठिकाणी खाली. तिसऱ्या ठिकाणी खाली. धनगरवाडीला जाईपर्यंत मी जीपमध्ये बसले नाही, उभीच होते, पट्टीला धरून. दार उघडलं. ढोलावर तीच रेघ, तीच उसळी, आणि पहिला फटका वर. भिंग नको, काही नको, आंधळ्यालाही दिसावा असा वर.

मी हसले. एकटीच, मोठ्यानं, काळ्या हातांनी तोंड धरून हसले. इतका आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशानंच झाला नव्हता. पायरीवर हणमव्वानं विचारायच्या आधीच मी लांबून ओरडले, "आला! आला!" ती उठून उभी राहिली. तिनं माझे काजळीचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले आणि तिचं कपाळ काळं झालं.

खानविलकरांनी चारही कागद लाखेत बुडवून वाळवले, ओळीनं मांडले आणि बघत बसले. "मीच उलट्या जोडल्या," ते शांतपणे म्हणाले. दुसऱ्याच्या कागदातली चूक नोंदवावी तसं. मग लिहायला बसले.

दुपारी चहाच्या टपरीवर रेडिओ चालू होता. बातम्यांत पहिलीच बातमी ती होती. दक्षिण अमेरिकेतला डोंगराळ मुलूख, एक गाव, बाजाराचा दिवस. निवेदिकेला गावाचं नाव नीट म्हणता येत नव्हतं. ढिगाऱ्यांखाली किती माणसं असावीत त्याचा अंदाज तिनं सांगितला. टपरीवाला म्हणाला, "आयला, आपलं तरी बरं म्हणायचं." मी चहा तसाच ठेवला. सकाळी मी ज्या रेघेकडे बघून हसत होते ती रेघ त्या गावातून निघाली होती. आणि मी किती दिवस तिला ये म्हणत होते. मला भयंकर लाज वाटली. पायरीवर हणमव्वा तोंड धुऊन, केस विंचरून बसली होती. मी तिला काहीच सांगितलं नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी पंचांसमक्ष सील उघडलं. तांबडीच्या जागी काळी, काळीच्या जागी तांबडी. गावातली माणसं खड्ड्यात डोकावून बघत होती. ज्ञानूचा भाऊ होता. त्यानं दोन्ही वायरी बघितल्या, खानविलकरांकडे बघितलं, आणि निघून गेला. भावाला मारणारा माणूस त्याला मिळाला होता, तो आम्ही काढून घेतला होता.

तालुक्याच्या कोर्टात खानविलकर साक्षीला उभे राहिले. मी मागे कागद धरून बसले होते, शेजारी हणमव्वा. समोर मलप्पा दोन शिपायांच्या मध्ये, ठेंगणा, पांढरे केस, काय चाललंय ते ऐकू येत नसल्यानं सगळ्यांच्या तोंडांकडे बघत.

न्यायाधीशांनी कागद आळीपाळीनं उचलून बघितले. "हा दूरचा भूकंप नेमका कुठला?"

"पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाचा, साहेब. दक्षिण अमेरिकेतला."

"तिथला धक्का इथे कसा पोचतो?"

"पोटातून येतो. मध्ये वितळलेल्या लोखंडाचा भलामोठा गाभा आहे. आडवा हिसका त्यातून पार होत नाही, तिथेच थांबतो. नुसती ढकल तेवढी पार होते. वीसेक मिनिटांत इथे येते. आपल्याला जाणवतही नाही, सुईलाच कळते."

"म्हणजे तिथे जे झालं त्यातला हिसका तिकडेच राहिला."

"होय, साहेब."

"तिथे काय झालं?"

खानविलकरांनी एकदा मागे माझ्याकडे बघितलं. "एक गाव होतं, साहेब. बाजाराचा दिवस होता. रेडिओवर सांगितलं, गाव उरलं नाही."

न्यायाधीश लिहायला लागले. माझ्या शेजारी हणमव्वा ताठ बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मलप्पाला सोडलं. आरोप ठेवण्याजोगा पुरावा नाही, असं काहीसं वाचून दाखवलं. त्याला समजायला वेळ लागला. शिपायानं खांद्यावर थाप मारून दाराकडे बोट दाखवलं तेव्हा तो बाहेर आला आणि ओसरीवर नुसता उभा राहिला, उन्हात डोळे बारीक करून. मला वाटलं, आता ही रडेल, त्याच्या पाया पडेल, काहीतरी करील. हणमव्वा त्याच्याकडे गेलीच नाही. ती माझ्यापाशी आली.

"बाई, सायेब म्हनला ते खरं हाय?"

"हो."

"आपुन वाट बगत हुतो त्योच ह्यो?"

"तोच."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"त्याच दिवशी ऐकलं, रेडिओवर." मी म्हणाले, "हणमव्वा, आपण वाट बघितली म्हणून काही तो आला नाही. तो येणारच होता."

"व्हय," ती म्हणाली. "किती मानसं?"

"अजून काढतायत."

तिनं मान हलवली. मग ती मलप्पाकडे गेली आणि त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "चला, नदीवर."

"एस्टी चुकंल की."

"चुकू दे. आदी आंगावरनं पानी घ्या. मंग घर."

मलप्पाचा चेहरा एकदम पडला. त्यानं तिचा दंड धरला. "कोन गेलं? आय गेली काय माजी? सांगितलं न्हाईस मला?"

"आय बरी हाय. घरचं कुनी न्हाई."

"मंग कोन?"

हणमव्वानं जरा विचार केला. "लांबचं हाय," ती म्हणाली. "लई लांबचं. लांबचं सुतक आंगुळीनं फिटतंय. चला."

त्यानं पुढे विचारलं नाही. लांबचं कोण, हे बायकांना ठाऊक असतं असं वाटलं असेल, किंवा इतके दिवस कोठडीत राहून विचारायची ताकदच उरली नसेल. दोघं घाटाच्या पायऱ्या उतरत गेली. तो पुढे, ती मागे. मी त्यांच्यामागे का गेले ते मला सांगता येणार नाही.

दुपारची वेळ, घाटावर कुणी नव्हतं. मलप्पानं अंगातला सदराही काढला नाही. कमरेइतक्या पाण्यात गेला, नाक दाबलं आणि खाली बसला. वर आला तेव्हा पांढरे केस कपाळाला चिकटले होते. हणमव्वा लुगड्यासकट त्याच्या शेजारी उतरली आणि तिनंही डोकं बुडवलं. मंत्र नाही, हात जोडणं नाही. घरातलं कोणी गेल्यावर जसं करतात तसंच, थकून, गुमान.

वरून खानविलकरांनी हाक मारली, "तांबटबाई, जीप निघतेय!"

मी पिशवी कोरड्या पायरीवर ठेवली, चपला काढल्या आणि साडीनिशी पाण्यात उतरले. पाणी गार होतं, तळाचे धोंडे पायाला टोचत होते. हणमव्वानं वळून माझ्याकडे बघितलं आणि जरा सरकून मला जागा करून दिली.